जुने देऊळ कसे पाहावे
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार हा शब्द गेली दोन वर्षे आपल्या गावात रोज कानावर पडतो आहे. पावतीपुस्तकावर तो आहे, कमानीवर आहे, आणि या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरही तोच आहे. शब्द फोडून पाहिला तर त्यात आधी 'जीर्ण' आहे व मग 'उद्धार'. उद्धार करावयाचा तो जीर्णाचा. जीर्ण उचलून बाजूस टाकले व त्या जागी नवे उभे केले, तर त्यास चांगले बांधकाम म्हणता येईल. जीर्णोद्धार म्हणता यावयाचे नाही. कोणी कापसाच्या पट्टीतून, कोणी ज्वारीच्या पोत्यातून, तर कोणी आपल्या मजुरीचे दिवस देऊन या कामास हातभार लावला आहे. त्या सर्वांच्या पैशाचे व घामाचे चीज व्हावे, म्हणून आजचा विषय.

यास निमित्तही घडले आहे. सभामंडपाच्या पायाचे खोदकाम चालू असता जे घडीव दगड निघाले, ते सध्या पिंपळाच्या पाराजवळ पडून आहेत. त्यांत एक वीरगळ आहे, खांबाचे दोन तुकडे आहेत, आणि कमरेच्या वरचा भाग नसलेली एक देवी आहे. खंडित मूर्ती गावात ठेवू नये, पैनगंगेत सोडावी, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. ठेवावी, असे काही तरुणांचे म्हणणे आहे. निकाल देणे हा समितीचा अधिकार आहे. परंतु वस्तू न पाहता, पंचनामा न करता निकाल दिलेला कोणत्या कचेरीत चालतो? तेव्हा आधी पाहू या.

पाहणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. आपण देवळात दर्शनास जातो. पायरीला हात लावतो, घंटा वाजवतो, गाभाऱ्यापुढे डोळे मिटतो आणि परत फिरतो. देवाचे दर्शन घडते, देवळाचे राहून जाते. आपल्याच तालुक्यातील उनकेश्वराचे उदाहरण घ्या. पैनगंगेच्या काठचे ते उष्णोदक, त्यात स्नान केल्याने त्वचेचे विकार जातात ही श्रद्धा, शरभंग ऋषींची कथा, हे सर्व लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु तेथे यादवकाळातील शिलालेख आहे, हे स्नान करून येणाऱ्या शंभरांपैकी किती जण सांगतील? सातशे वर्षांपूर्वीची अक्षरे तेथे दगडावर आहेत आणि आपण त्यांच्याजवळून ओले कपडे पिळत जातो.

जुन्या दगडी देवळास आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव व रामदेवराव या यादव राजांचा मंत्री. महादेव यादव १२६१ साली गादीवर आला. आता अंबरनाथचे देऊळ पाहा. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे. हेमाडपंत कारभारात येण्याच्या दोनशे वर्षे आधीचे हे देऊळ, त्यासही लोक हेमाडपंतीच म्हणतात. आपल्या नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले, तेही हेमाडपंताच्या आधीचे. असो. नाव एकाचे पडले, काम अनेक पिढ्यांच्या पाथरवटांचे आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

या देवळांची खरी खूण निराळी. चुना नाही, माती नाही. दगडास खाच पाडून दुसऱ्या दगडाचे दात त्यात बसविलेले. सगळा भार सरळ खाली उतरतो. आपल्या माळवदाच्या घरात खांबावर तुळई आणि तुळईवर कडीपाट असतो, तीच रीत येथे दगडात केली आहे. मंडपाच्या मधोमध उभे राहून वर पाहावे. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून आत लहान चौकोन केलेला असतो, त्यावर पुन्हा कोपरे कापून आणखी लहान, असे करीत करीत शेवटी मधल्या भोकावर एक कमळ बसविलेले असते. कमान न वापरता एवढी जागा झाकण्याची ही युक्ती. मान दुखेपर्यंत पाहिले तरी पुरे होत नाही.

पाहण्याचा क्रम बाहेरून आत असा ठेवावा. प्रथम लांब उभे राहून सबंध देऊळ नजरेत घ्यावे. भिंत सरळ आहे की ताऱ्याच्या टोकासारखी कोनाकोनांनी पुढे-मागे होते, हे पाहावे. मग प्रदक्षिणेच्या वाटेने चालावे. खालच्या थरात बहुधा हत्तींची किंवा माणसांची रांग असते. त्यावर देवदेवता, आणि त्यांच्यामध्ये सुरसुंदरी. होट्टलला या सुरसुंदरी पाहण्यासाठी तरी एकदा जावे. पूर्वाभिमुख देवळाच्या उत्तर बाजूस अभिषेकाचे पाणी बाहेर पडण्याचे गोमुख किंवा मगरमुख असते, ते पाहावे. आत खांब चरकावर फिरवून काढल्यासारखे गोल गोल वळ्यांचे दिसतात. खांबाच्या डोक्यावर तुळई तोलून धरणारे बुटके यक्ष असतात, त्यांस कीचक म्हणतात. कोणाचे गाल फुगलेले, कोणाचे डोळे बाहेर आलेले. ओझे उचलणाऱ्या माणसाचा चेहरा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याच पाथरवटाने ते घडविले असले पाहिजेत.

औंढा नागनाथला आपल्यातील बहुतेक जण जाऊन आले आहेत. तळघरातील ज्योतिर्लिंगाकडे वाकून, सरपटत उतरावे लागते, ही आठवण सर्वांची असते. पुढील वेळी बाहेरची भिंत पाहावी. खाली काळ्या दगडाचा कोरीव भाग, आणि वर नंतरच्या काळात उभारलेले चुनेगच्ची शिखर. जुने कोठे संपते व नवे कोठे सुरू होते, हे शेंबड्या पोरासही दाखविता येते. ज्यांनी ते वरचे काम केले त्यांच्याजवळ खालच्यासारखे कोरण्याइतके साधन नसेलही, पण त्यांनी खालचे झाकले नाही. जीर्णोद्धार म्हणावा तो असा.

आता फोटोविषयी. प्रत्यक्ष जाता येते तर फोटो कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे की डोळा विसरतो आणि दगड झिजतो. १८६८ साली तत्कालीन मुंबई सरकारने अंबरनाथच्या देवळाचे नकाशे, साचे आणि फोटो घेण्यासाठी जे. जे. कलाशाळेची मंडळी मुद्दाम पाठविली होती. त्या काळी फोटो म्हणजे काचेच्या जड पट्ट्या, औषधांच्या बाटल्या आणि अंधाराची खोली; सगळे गाड्यात घालून न्यावे लागे. पुढे हेन्री कझिन्स या अधिकाऱ्याने दख्खनची मध्ययुगीन देवळे हिंडून पाहिली, त्यांचे फोटो व नकाशे असलेला त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. आपल्या बाजूस निजामाचे राज्य होते. त्या संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ साली गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडकडे आला. गावच्या जुन्या जागांचे कागद शोधणाऱ्याने हे विसरू नये, नाही तर नांदेडच्या दफ्तरात हेलपाटे घालून तो रिकाम्या हाताने परतेल.

फोटोत दोन गोष्टी साधतात. उंचावरचे, अंधारातले, मान वर करूनही न दिसणारे काम घरी बसून सावकाश पाहता येते. आणि एका देवळाचा खांब दुसऱ्या देवळाच्या खांबाशेजारी ठेवून ताडता येतो. मात्र दगडाचा गारवा, मंडपातला घुमणारा आवाज आणि चालताना बदलत जाणारी भिंत ही काही फोटोत येत नाही. म्हणून आधी फोटो पाहावा, मग जावे, आणि आल्यावर पुन्हा फोटो पाहावा. तिसऱ्या वेळी हटकून असे काही दिसते की जे तेथे उभे असताना डोळ्यांदेखत असून दिसले नव्हते. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. परंतु काढले जातात ते फोटो असे की आपला चेहरा परातीएवढा आणि देऊळ मागे टिकलीएवढे!

हे वेड केवळ आपल्याकडचे नव्हे. युरोपातील जुनी मोठी चर्चे ही आपल्या या देवळांची वयाने भावंडेच होत. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे काम ११६३ साली सुरू झाले. तेथील कारागिरांनी टोकदार कमानी उभारल्या. कमान बाजूस रेटा देते, म्हणून भिंतीस बाहेरून दगडी तिरके टेकू दिले. पडू घातलेल्या गोठ्याला आपण बाहेरून मेढी लावतो तसेच, फक्त ते दगडी आणि डौलदार. १८५१ मध्ये फ्रान्सच्या सरकारने पाच छायाचित्रकार नेमून देशातील जुन्या इमारती, त्यांत अनेक चर्चे, दुरुस्तीपूर्वी टिपून घेतल्या. फोटो उत्तम निघाले आणि सरकारी दफ्तरात जाऊन पडले, छापले काही गेले नाहीत. कचेरी कोणत्याही देशाची असो! पण कागद नष्ट झाला नाही, आज अभ्यासक त्याच फोटोंवरून दुरुस्तीच्या आधी काय होते ते सांगतात.

इंग्लंडात त्याच शतकात जीर्णोद्धाराची लाट आली होती. चर्च 'मूळ रूपात' आणावयाचे म्हणून मधल्या शतकांत पडलेली भर तोडली गेली, भिंतींचा जुना गिलावा खरवडला गेला. तेव्हा विल्यम मॉरिस या कवी व कारागीर गृहस्थाने १८७७ मध्ये ट्यूक्सबरी येथील मठाच्या चर्चच्या कामाविरुद्ध आवाज उठविला आणि जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. रोजची डागडुजी करा म्हणजे जीर्णोद्धाराची पाळीच येणार नाही, असा त्या संस्थेचा आग्रह. छपरावरचे गवत वेळेवर उपटणारा माणूस मोठ्या देणगीदाराइतकाच मोलाचा, हे आपल्या पुजाऱ्यांनाही पटेल.

गोव्याच्या सहलीत जुन्या गोव्याचे बॉम जेझूस चर्च सर्वांना दाखवितात. ते १६०५ मध्ये पूर्ण झाले. त्याची भिंत जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र, त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात जुनेपणा उठून दिसावा म्हणून तो गिलावा काढला गेला. तेव्हापासून कोकणचा पाऊस सरळ दगडावर बसतो आहे आणि गिलावा पुन्हा करावा की नाही यावर वाद चालू आहे. आपल्या काळ्या पाषाणास मात्र गिलाव्याची गरज नसते. याचा अर्थ एकच नियम सर्व दगडांस लागू नाही. ज्या मातीत चिबड धरते आणि जीत धरत नाही, अशा दोन वावरांत आपण एकच पीक घेतो काय?

नोत्र दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. छप्पर जळाले, शिखर कोसळले. त्यापूर्वी काही वर्षे अँड्र्यू टॅलन नावाच्या एका प्राध्यापकाने लेसर किरणांनी त्या इमारतीची मोजणी करून ठेवली होती, ती नव्या बांधणीच्या वेळी उपयोगी पडली. डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले. ते प्राध्यापक ते पाहावयास राहिले नव्हते.

एवढ्या लांबचे राहू द्या, पंढरपूरचे पाहा. मार्च २०२४ पासून काही आठवडे विठ्ठलाचे पदस्पर्शदर्शन बंद ठेवून मंदिराच्या जतनाचे काम झाले. नंतरच्या काळात बसविलेले ग्रॅनाइट, चांदीचा पत्रा, असे काय काय काढले आणि आतून जुना दगड बाहेर आला. ज्यांनी ते बसविले त्यांनी भक्तीनेच बसविले होते, त्यात शंका नाही. पण बसविण्याचा खर्च एकदा आणि काढण्याचा खर्च पुन्हा एकदा! त्याच कामात मे अखेरीस एक तळघर सापडले, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. वणीच्या सप्तशृंगीचेही तसेच. २०२२ मध्ये देवीवरील शेंदराचे शेकडो वर्षांचे थर काढल्यावर मूळ रूप दिसले. आपल्या समितीकडे एका देणगीदारांनी खांबांस ऑइलपेंट देण्याचा खर्च उचलण्याची तयारी दाखविली आहे. त्यांचा मान राखून विनंती एवढीच की तीच रक्कम गच्चीच्या गळतीस व पावसाचे पाणी पायापासून दूर नेणाऱ्या नालीस द्यावी. ऑइलपेंटने दगडाची छिद्रे बुजतात, आतला ओलावा आतच राहतो आणि कालांतराने पापुद्रे सुटू लागतात. शिवाय कीचकाचे डोळे, बोटे, दागिने रंगाखाली सपाट होतात. बिदर जिल्ह्यात हुमनाबादजवळ जलसंगवीच्या देवळावर एक सुंदरी चालुक्य विक्रमादित्याची स्तुती दगडावर लिहीत उभी आहे. तिने लिहिलेली अक्षरे आज वाचता येतात, कारण तिच्यावर कोणी डबा उपडा केला नाही.

आता पाराजवळच्या दगडांकडे वळू. खंडित मूर्तीची पूजा करू नये, हा संकेत खरा आहे आणि तो मोडण्यास कोणी सांगत नाही. पूजा न करणे निराळे, फेकून देणे निराळे. घरातील म्हातारा शेतावर जाईनासा झाला म्हणून त्यास कोणी घराबाहेर काढीत नाही. त्यातून तो वीरगळ तर देवाची मूर्तीच नव्हे. त्यावरचे चित्र खालून वर वाचावयाचे असते. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरे पळविणाऱ्यांशी झुंज आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा त्यास वर नेत आहेत, आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र व सूर्य, म्हणजे ते असेतो याचे नाव राहो. आपल्या दगडावर खालच्या चौकटीत गुरे स्पष्ट दिसतात. या शिवारातील गुरे वाचविताना कोणी तरी पडला, गावाने त्याच्यासाठी पाथरवट बोलावून हा दगड उभा केला. नाव कोरलेले नाही. त्या माणसाचा एवढाच एक कागद गावाकडे आहे, आणि तो आपण नदीत सोडावयास निघालो आहोत.

आणखी एक बाजू सांगणे जरूर आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांस वर्दी द्यावी, असा १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, ती परदेशी नेता येत नाही. कायदा आहे म्हणून चोरी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी. तामिळनाडूत श्रीपुरंतन नावाचे खेडे आहे. तेथील चोळकालीन नटराजाची मूर्ती चोरीस गेली आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील सरकारी कलासंग्रहालयाने ती सुमारे पन्नास लक्ष डॉलर देऊन विकत घेतली. ती त्याच गावची, हे सिद्ध झाले ते पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी देवळात जाऊन काढून ठेवलेल्या फोटोंवरून. २०१४ साली नटराज भारतात परत आला. फोटो नसता तर त्या खेड्याने काय दाखविले असते? 'आमचा देव असा असा होता', एवढे तोंडी सांगून कोणता म्युझियमवाला मूर्ती परत देतो?

म्हणून समितीपुढे मागणी अशी की विसर्जनाचा विचार तूर्त स्थगित ठेवावा, तहसीलदारांमार्फत पुरातत्त्व खात्यास पत्र जावे, आणि खात्याचा माणूस येईपर्यंत सर्व दगड पाराच्या पूर्वेस, पाणी न साचणाऱ्या जागी ओटा करून त्यावर मांडावे. ओट्यावर उभे करताना सिमेंटमध्ये रोवू नये, पुढे काढावयाचे झाल्यास फुटतात. मूळ देवळाचे खांब, चौकट व छत यांचे फोटो रंगारी किंवा फरशीवाला गावात येण्यापूर्वी घेतले गेले पाहिजेत.

हे काम शाळेच्या मुलांकडून येत्या रविवारी होऊ शकते. प्रत्येक दगडाचा फोटो समोरून सरळ घ्यावा, शेजारी फूटपट्टी ठेवावी आणि वहीत क्रमांक, लांबी, रुंदी, तारीख व दगड कोठे सापडला ते लिहावे. पूर्वेकडची बाजू सकाळी व पश्चिमेची सायंकाळी टिपावी. ऊन तिरपे असते तेव्हा पुसट रेघही उठून दिसते, भर दुपारी सगळेच पांढरे पडते. फोटोंच्या कागदावर छापलेल्या दोन प्रती कराव्या, एक समितीच्या कपाटात व एक ग्रामपंचायतीत, कारण फोनमधले फोटो फोनबरोबरच जातात. दगड धुवायचे तर साधे पाणी आणि काथ्याची मऊ कुंची पुरे. तारेचा ब्रश, ॲसिड किंवा प्रेशरचा पंप कोणी आणू नये. वीरगळ जड आहे. तो उचलण्यास सहा जण लागतील, आणि त्याखाली विंचू असण्याचा संभव आहे, तेव्हा मुलांनी त्यास मोठ्या माणसांशिवाय हात लावू नये.